उचल कशासाठी घेतली, तिथून सुरुवात करा

बीड जिल्ह्यातल्या एका नव्या सरपंचताईंनी विचारलंय: "आमच्या गावातली निम्म्याहून जास्त घरं दसऱ्यानंतर ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्यातच परत येतात. गावातच काम उभं केलं तर हे थांबेल का? आणि या येण्याजाण्याने गावाचं नेमकं काय होतं?"

ताई, पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण ते थोडक्यात आहे. नुसतं काम उभं करून हे थांबणार नाही. लोक कामासाठी जातात हे खरंच, पण त्याच्या आधी ते पैशात अडकलेले असतात. तो पैसा कोयता हातात घेण्याच्या तीन-चार महिने आधी घरात येतो आणि बहुतेक वेळा खर्चूनही झालेला असतो. बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातल्या गावांमध्ये हंगामी वसतिगृहं (आईबाप ऊसतोडीला असताना मुलांच्या राहण्या-जेवणाची गावातली सोय) आणि गावाचं नियोजन या दोन कामांत मी बरीच वर्षं आहे. शेती, लग्नं, शाळा, बायांची तब्येत, ग्रामसभा, यांतलं काहीही उकलायला घेतलं की धागा उचलीपाशी, म्हणजे तोडणीआधी हातात पडणाऱ्या आगाऊ रकमेपाशी, जातो. म्हणून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तरही मी उचलीपासूनच सुरू करणार आहे.

उचल एवढी मोठी का झाली, हे बघा. 1950 साली प्रवरानगरचा सहकारी कारखाना सुरू झाला आणि पुढे पाटपाण्याच्या पट्ट्यात कारखाने वाढत गेले. ऊस तिकडे, आणि हंगामात फडात, म्हणजे तोडणीच्या उसात, उभं राहणारी माणसं इकडे, कोरडवाहू भागात, असा हिशेब बसत गेला. 1972 च्या दुष्काळानंतर आपल्या भागातून जाणाऱ्यांची रीघ पक्की झाली. आज बीड, पाथर्डी, शेवगाव, जालना, परभणी, धाराशिव इथून माणसं कोल्हापूर, सांगली, सातारा, पुणे, सोलापूर आणि सीमेपलीकडे कर्नाटकात जातात. कारखान्याला सगळा ऊस चार-पाच महिन्यांत गाळायचा असतो आणि तोडलेला ऊस वाळत पडला तर साखर उतारा घटतो. त्यामुळे माणूस वेळेवर येणार याची हमी त्याला लागते. उचल ही ती हमी. कारखान्याकडून वाहतूकदाराकडे, वाहतूकदाराकडून मजुरांची टोळी जमवणाऱ्या मुकादमाकडे आणि मुकादमाकडून तुमच्या गावातल्या घरात असा तो पैसा उतरतो. आता याच व्यवहाराकडे गावाच्या बाजूने बघा. ज्या घराला बँक दारात उभं करत नाही, त्याला आषाढ-श्रावणात लाखभर रुपये एकरकमी मिळण्याची ही एकच जागा आहे. कुणी त्यातून दवाखान्याचं देणं फेडतो, कुणी मुलीचं लग्न करतो, कुणी घरकुलाचा पुढचा हप्ता येईपर्यंत भिंती चढवतो, कुणी बी-खताची उधारी मिटवतो.

आता हिशेब करू. जानेवारी 2024 मध्ये तोडणीच्या दरात 34 टक्के वाढ झाली आणि टनाला मिळणारी मजुरी साडेतीनशेच्या पुढे गेली. सोयीसाठी 365 धरा. नवरा-बायकोचा एक कोयता दिवसाला दीड ते दोन टन तोडतो. म्हणजे चांगला दिवस असेल तर दोघांना मिळून 730 रुपये, आणि ऊस लोळलेला असेल तर साडेपाचशेच्या आसपास. फड बदलणं, गाडीची वाट बघणं, आजारपण हे सगळं वजा करून 130 दिवस भरले आणि रोज दोन टन पडले असं समजा. हंगामाची कमाई 95 हजारांच्या आत राहते. उचल लाखाची किंवा त्याहून जास्त. त्यात आठवड्या-पंधरवड्याला खर्चासाठी घेतलेले पैसे, म्हणजे खर्चीही, त्याच खात्यावर चढते. चुलीवरचा रोजचा खर्च वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, विकून भागवायचा. पट्टा पडतो, म्हणजे हंगाम संपतो, तेव्हा बऱ्याच कोयत्यांच्या नावावर बाकी उरलेली असते, आणि ती फेडायला पुढचा हंगाम आत्ताच गहाण पडलेला असतो. मुकादमाला कारखान्याकडून मजुरीच्या पाचव्या हिश्श्याइतकं कमिशन वेगळं मिळतं.

याच्या शेजारी रोजगार हमी ठेवून बघा. 2025-26 साठी महाराष्ट्रात तिचा दर दिवसाला 312 रुपये होता, म्हणजे दोघांचे 624. पहाटे चारला उठून, रात्री-अपरात्री गाडी भरून फडात मिळते ती मजुरी याहून फार वर नाही, कधी तर खालीच असते. तरीही माणसं फडाकडे जातात. याचं कारण आळस किंवा अज्ञान नाही. हमीची मजुरी काम झाल्यानंतर, मस्टर भरून, कधी कधी आठवड्यांनी खात्यात येते, आणि तीही तुकड्यातुकड्याने. श्रावणात ऑपरेशनसाठी लागणारे साठ हजार ती देऊ शकत नाही. गावात पाझर तलावाचं काम मार्चमध्ये काढलं म्हणून आधीच्या श्रावणात घेतलेली उचल फिटत नाही. "काम दिलं तरी लोक जातातच" ही तक्रार मी अनेक अधिकाऱ्यांकडून ऐकली आहे. ती करताना पैशाची वेळ कुणी विचारात घेत नाही, म्हणून हा हिशेब मी तुम्हाला एवढा सविस्तर मांडला.

आता गावाचं काय होतं ते सांगते.

पहिला बदल शेतीत दिसतो आणि तो इतका हळू झालेला असतो की तो स्थलांतरामुळे झाला हे लक्षातही येत नाही. दसऱ्याला निघायचं असेल तर दसऱ्याआधी हातात येणारं पीकच परवडतं. सोयाबीन, उडीद, मूग काढून, विकून माणूस मोकळा होतो. कापसाची वेचणी मात्र डिसेंबर-जानेवारीपर्यंत चालते आणि तूरही दसऱ्यानंतर बऱ्याच उशिरा घरात येते. रब्बी ज्वारी पेरून गेलं तर ती काढायला फेब्रुवारी-मार्चमध्ये गावात माणूस हवा. म्हणून जाणाऱ्या घरांची रब्बी रानं एक तर पडीक राहतात, नाही तर जो मागे राहतो त्याला बटईने जातात. ज्वारी गेली की कडबा गेला, कडबा गेला की जनावर सांभाळणं जड जातं. शेळ्या नातेवाइकांकडे वाट्याने ठेवल्या जातात. बैलगाडीवाल्या टोळीतल्या घरांकडे बैल टिकतात, कारण बैल ऊस ओढतात आणि हंगामभर वाढ्यांवर जगतात. दरवर्षी पाच-सहा महिने मालक नसलेल्या रानाचे बांध फुटतात, विहिरीतला गाळ तसाच राहतो, झाड लावलं तर ते पहिला उन्हाळा बघत नाही. रान कमी पिकतं म्हणून माणूस जातो आणि माणूस जातो म्हणून रान आणखी कमी पिकतं. तुमच्या गावात कोणाचं रान किती वर्षं रब्बीला पडीक आहे, हे तलाठ्याच्या पीकपेऱ्यापेक्षा गावातल्या म्हाताऱ्यांना विचारा. खरं उत्तर तिथे मिळेल.

दुसरा बदल लग्नात. कोयता म्हणजे जोडी. एकट्या माणसाचा अर्धा कोयता, त्याला उचलही अर्धी. त्यामुळे मुलाचं लग्न झालं की घरात एक कोयता वाढतो, आणि मुलीच्या बाजूनेही विचार तसाच चालतो: वयात आलेली पोर फडावरच्या खोपीत, म्हणजे झोपडीत, घेऊन जायची भीती, गावात एकटी ठेवायची त्याहून भीती, मग लग्न लावून मोकळं व्हायचं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत राज्यात 20 ते 24 वयाच्या सुमारे 22 टक्के बायकांची लग्नं अठराच्या आत झालेली होती. बीडमध्ये हे प्रमाण सुमारे 44 टक्के, म्हणजे दुप्पट. या आकड्याला नुसतं जनजागृतीचं फ्लेक्स लावून काही होत नाही. आपल्या हंगामी वसतिगृहांचा भर आठवीपर्यंतच्या मुलांवर आहे. नववीतल्या मुलीला हंगामात ठेवायचं कुठे, या प्रश्नाला गावात उत्तर नसलं की लग्न हेच उत्तर ठरतं. तालुक्याच्या ठिकाणी संत भगवानबाबा वसतिगृहं 2021 च्या योजनेतून आली. मुलींसाठी ती स्वतंत्र आहेत आणि खूप कामाची आहेत. तुमच्या गावातल्या आठवी पास मुलींची नावं जूनमध्येच तिथे पोहोचली पाहिजेत. ऑक्टोबर उजाडेपर्यंत थांबलात तर उशीर झालेला असेल.

बायकांच्या शरीराबद्दल थोडं थांबून बोलायला हवं. फडावरच्या खोपीला संडास नाही, न्हाणी नाही, पाणी लांबून आणायचं. पहाटे स्वयंपाक, दिवसभर तोडणी आणि मोळ्या बांधणं, मग डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून गाडीत चढणं. पाळीत, गरोदरपणात, बाळंतपणानंतरही हेच. एक दिवस बसलं तर खाडा धरला जातो आणि त्याचे पैसे उचलीत वाढतात. पांढरं जाणं, पोटदुखी अशा तक्रारी घेऊन बाई दवाखान्यात गेली की "पिशवी काढून टाका, पुढे कॅन्सर होईल" असं सांगितलं जायचं, आणि दर महिन्याचा खाडा वाचेल म्हणून घरही तयार व्हायचं. 2019 मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीसमोर जी पाहणी आली, तीत बीडच्या 82,309 ऊसतोड महिलांपैकी 13,861 जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. सहा जणींत एक. त्यानंतर जिल्ह्यात या शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांच्या परवानगीची अट आली, हंगामाच्या आधी आणि नंतर आरोग्य तपासणी ठरली. तुमच्या गावात ती तपासणी खरोखर होते का, की रजिस्टरवरच होते, हे सरपंच म्हणून तुम्ही स्वतः उभं राहून बघा. रक्ताचं प्रमाण, गरोदर बायांची नोंद आणि लसीकरणाचं कार्ड सोबत देणं, एवढं जरी झालं तरी फडावरच्या आशाताईला धरायला काहीतरी राहतं. आणि शस्त्रक्रिया झालेल्या बायका गावात आहेत, त्यांचं काय? कमी वयात गर्भाशय, काहींचे बीजकोशही गेले. त्यांचं कंबर-सांध्यांचं दुखणं आता सुरू झालंय आणि काम तेच चालू आहे. त्यांच्यासाठी कोणतीही योजना मला दिसलेली नाही आणि याचा मला राग आहे.

मुलांविषयी तुम्हाला बहुतेक ठाऊक असेल. आजीकडे राहिलेलं मूल शाळेत टिकतं, खोपीवर गेलेलं मूल धाकट्याला सांभाळतं. कारखान्यांच्या तळांवर मजुरांच्या मुलांसाठी साखरशाळा चालवून बघितल्या, त्यापेक्षा मूल गावातच ठेवून त्याच्या दोन वेळच्या जेवणाची सोय करणं चांगलं, असं माझं स्पष्ट मत झालंय. मात्र वसतिगृहाला मंजुरी नोव्हेंबरात आणि पैसे फेब्रुवारीत आले तर उपयोग शून्य. आईबाप निघतात त्या दिवशी संध्याकाळी चूल पेटलेली असावी लागते. ग्रामपंचायतीने पहिल्या महिन्याचं धान्य उसनं उभं केलं, तर पुष्कळ मुलं गाडीत बसण्यापासून वाचतात.

ज्यावर सहसा कुणी बोलत नाही अशी एक गोष्ट आहे: जाणारं निम्मं गाव गावाच्या कारभारातूनही बाहेर जातं. गावाचा विकास आराखडा करण्याची मोहीम 2 ऑक्टोबरला सुरू होऊन पुढचे काही महिने चालते. 26 जानेवारीची ग्रामसभा भर हंगामात. म्हणजे गावाला काय हवं हे ठरतं तेव्हा ज्यांना सगळ्यात जास्त गरज आहे ते उसात असतात. मग आराखड्यात सभामंडप आणि पेव्हर ब्लॉक येतात, वस्तीचं पाणी येत नाही. जनगणनेचंही तसंच. 2011 ची मोजणी 9 ते 28 फेब्रुवारीत झाली आणि येणारी जनगणना 1 मार्च 2027 हा संदर्भ दिवस धरून ठरली आहे, पुन्हा हंगामातच. जे घर मोजणीच्या सगळ्या काळात बाहेर असतं ते गावात मोजलं जात नाही, आणि लोकसंख्येवर ठरणारा निधी तेवढ्याने घटतो. निवडणुकीला मात्र माणसं आणली जातात. नोव्हेंबर 2024 च्या विधानसभेला फडावरून मतदानासाठी आणायला गाड्या निघाल्या होत्याच. एका दिवसाच्या मतदानाला गाड्या मिळतात, तर ग्रामसभेचं आपण निदान तारखांपुरतं तरी बघू शकतो. मे ते सप्टेंबर या काळात एक विशेष ग्रामसभा घ्या आणि आराखड्याचा कच्चा मसुदा तिथेच करून ठेवा. ऑक्टोबरात तो फक्त मांडायचा.

आणि मार्च-एप्रिल 2020 विसरू नका. टाळेबंदीत एक लाख तीस हजारांच्या आसपास ऊसतोड मजूर कारखान्यांच्या तळांवर अडकले. 17 एप्रिलला सरकारने त्यांना घरी जायची परवानगी दिली. तेव्हा कोणत्या गावचं कोण कोणत्या कारखान्यावर आहे याची यादी आमच्या कामाच्या गावांत कुठेच नव्हती. मुकादमांच्या वह्यांत होती. ग्रामपंचायतीला आपल्याच माणसांचा पत्ता मुकादमाला विचारावा लागला.

आता तुम्ही म्हणाल, मग सगळं वाईटच का? नाही. कोकणाचं उदाहरण घ्या. रत्नागिरी-सिंधुदुर्गातले पुरुष पिढ्यान्पिढ्या मुंबईला गेले, गिरण्यांत लागले, मनीऑर्डरीवर गावं चालली. शेती बायकांनी केली, आणि मुंबईतल्या ग्रामस्थ मंडळांनी गावातल्या शाळा, देवळं, पाणवठे उभे केले. 1982 च्या संपानंतर गिरण्यांचा पगार आटला तेव्हा त्या गावांनी मार खाल्ला, पण तरी फरक बघा: तिथे माणूस आधी कमवायचा आणि मग पाठवायचा. पैसा गावात येताना मोकळा यायचा. आपल्याकडे पैसा आधी येतो आणि माणसाला ओढून नेतो. आज आपल्याच गावातली पोरं चाकण, रांजणगावला कंपनीत कंत्राटी कामाला जातात. पगार थोडा, राहणं दाटीचं, तरी महिन्याच्या महिन्याला घरी काही येतं आणि नको वाटलं तर काम सोडता येतं. म्हणून मी स्थलांतर बंद करा असं कधी म्हणत नाही. ऊसतोडीतूनही काही घरं वर आली, पोरं शिकली, पक्की घरं झाली. त्यांची गोष्ट ऐका. बहुतेकांनी एखाद्या वर्षी बाकी शून्यावर आणली आणि पुढच्या वर्षी कुठे, कोणाबरोबर, किती उचलीवर जायचं हे स्वतः ठरवलं.

पाण्याने फरक पडतो का? पडतो. हिवरे बाजारने नव्वदच्या दशकात पाणलोटाचं काम केलं, बोअरवर बंदी घातली, पाण्याचा ताळेबंद मांडून पिकं ठरवली आणि बाहेर गेलेली कुटुंबं परत आली. पण पाण्याचा फायदा आधी ज्याला जमीन आहे त्याला मिळतो. तुमच्या गावात एक-दोन एकर भिजली की ते घर थांबेल. भूमिहीन घर तरीही जाईल, उलट विहिरीच्या कडेची जमीन महागली की ती विकत घ्यायची त्याची आशाही जाईल. पाणलोट करा, जरूर करा, पण त्याच्यासोबत भूमिहीनांसाठी शेळ्या, तलावातली मासेमारी, गायरानातला चारा यांचे हक्क लिहून ठेवा. नंतर ते मिळत नाहीत.

तर यंदा काय करायचं? पोळ्यापासून दसऱ्यापर्यंतचा काळ तुमच्या हातात आहे. घरोघर जाऊन एक नोंदवही करा: कोण जाणार, कोणता कारखाना, मुकादमाचा फोन, सोबत मुलं किती, गरोदर कोण, रेशनकार्ड बारा अंकी क्रमांकासकट. कर्नाटकातही रेशन उचलता येतं, पण हे अनेकांना माहीत नसतं आणि बोटाचा ठसा न जुळल्याने अडतं, ते इथेच दुरुस्त करून घ्या. ग्रामसेवकाकडून ऊसतोड कामगार ओळखपत्र द्या. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या कल्याण महामंडळाचा लाभ मागायचा तर ते हातात असायला हवं. आणि प्रत्येक घराला तीन प्रश्न विचारा: उचल किती, कशासाठी, मागची बाकी किती. सुरुवातीला लोक सांगणार नाहीत. बायकांना वेगळं बसवून विचारा, त्या सांगतात.

या तीन उत्तरांवर पुढचं सगळं ठरतं. ज्या घरांची बाकी दहा-पंधरा हजार आहे, त्यांना उमेद या सरकारी अभियानातल्या बायकांच्या बचत गटातून किंवा अशा गटांच्या प्रभागसंघातून ते कर्ज मिळवून द्या आणि मुकादमाकडून बाकी मिटल्याची चिठ्ठी लिहून घ्या. अशी पाच-सात घरं पहिल्या वर्षी पुरे. दवाखान्यासाठी उचल घेणारी घरं जास्त निघाली, तर आरोग्य योजनेची कार्डं आणि सरकारी रुग्णालयात सोबत जाणारा माणूस यावर जोर द्या. लग्नासाठी घेतली असेल तर सामुदायिक विवाहाची गोष्ट उन्हाळ्यात काढा, मुलीच्या वयाचा दाखला बघूनच. उचलीचा व्यवहार कागदावर यावा, रक्कम शक्यतो बाईच्या खात्यात यावी, टनाच्या पावत्यांचे फोटो फोनमध्ये ठेवावेत. हंगामाअखेर वाद झाला की हेच कामाला येतं. बाकीसाठी कुणाला डांबून ठेवलं, मारलं, पोर ओलीस ठेवलं असं कळलं तर पोलीस ठाण्यात "देण्याघेण्याचा वाद" म्हणून परत पाठवतील. तेव्हा थेट तहसीलदार आणि जिल्हाधिकाऱ्यांकडे 1976 च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्याखाली लेखी अर्ज द्या. त्या कायद्यात सुटका करण्याचे आणि ते कर्ज रद्द ठरवण्याचे अधिकार प्रशासनाला आहेत. मुकादमही तुमच्याच गावचा असेल, कदाचित तुमच्या पॅनेलचाही, आणि त्यालाही कारखान्याचं किंवा वाहतूकदाराचं देणं असतं. त्याच्याशी वैर न धरता हिशेब उघडा ठेवायला लावणं जमू शकतं, काही गावांत जमलंय.

शेवटची एक गोष्ट, कारण तुमच्या पाच वर्षांच्या आतच ती समोर येईल. ऊसतोडणी यंत्रं वाढताहेत. 2023 मध्ये राज्यात यंत्राच्या किमतीच्या 40 टक्के किंवा 35 लाख, यांतलं जे कमी असेल तेवढ्या अनुदानाची योजना आली. रुंद सरी आणि मोठे सलग फड असतील तिथे यंत्र आधी जाईल, आणि डोंगराळ, लहान, लोळलेला, तोडायला अवघड असलेला ऊस माणसांसाठी उरेल. उचलीच्या रकमा आधी घटतील, टोळ्या त्यानंतर. ज्या गावाचं वर्षभराचं कर्ज उचलीवर चालतं तिथे त्या वर्षी खासगी सावकार येईल. म्हणून तुमची नोंदवही यंदाच सुरू व्हायला हवी. एक प्रत शाळेत, एक आशाताईकडे, एक रेशन दुकानात आणि मूळ वही ग्रामपंचायतीच्या कपाटात ठेवा. पट्टा पडून लोक परत आले की एप्रिल-मेमध्ये त्याच घरांत पुन्हा जा आणि बाकीचा रकाना भरून घ्या.